जुनी चिठ्ठी

दिग्रसच्या बाजारातल्या एका मेडिकल दुकानात मी सतरा वर्षांपासून काम करतो. दुकान माझं नाही, मी नोकर माणूस. पण कोणती गोळी कोणत्या खणात आहे हे मला अंधारातही सांगता येतं. मोहल्ल्यातले लोक मला कौतुकाने ‘अर्धा डॉक्टर’ म्हणतात. या अर्ध्या डॉक्टरच्या घरात काय घडलं ते सांगायला आज लिहायला बसलोय. सांगताना शरम वाटते. पण न सांगण्यानेच आमचं नुकसान झालं, म्हणून सांगतो.

अम्मीला २००९ साली शुगर निघाली. तेव्हा अब्बा हयात होते. डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या, २०१२ मध्ये त्यातली एक बदलली. त्यानंतर चिठ्ठी बदलली नाही. मी ती प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवली होती. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तिच्यावर नजर टाकायचो, गोळ्या काढायचो, पैसे पगारातून वळते करायला सांगायचो आणि घरी घेऊन जायचो. अम्मी गोळ्या न चुकता घ्यायची. मला वाटायचं, आईची सेवा चालू आहे. मधूनमधून कुठल्या शिबिरात बोट टोचून शुगर पाहिली जायची. ‘थोडी जास्त आहे, गोड कमी करा’ एवढं ऐकून आम्ही घरी यायचो. अम्मीचं काही दुखत नव्हतं. चालत होती, स्वयंपाक करत होती, मोहल्ल्यातल्या बायकांचे ब्लाउज शिवत होती. दुखत नाही म्हणजे बरं आहे, असा आपला सगळ्यांचा हिशेब असतो.

२०२३ चा रमजान २४ मार्चला सुरू झाला. अकरावा रोजा होता, म्हणजे ३ एप्रिल. सहेरी झाली, फजरची नमाज झाली. अम्मी जानमाजवरून उठता उठता म्हणाली, “घरात धूर कशाचा झाला?” धूर कुठेच नव्हता. चूल आमच्याकडे कधीच बंद झाली, गॅसही बंद होता. ती डोळे चोळू लागली. मग म्हणाली, “माशा फिरतायत. काळ्या काळ्या.” थोड्या वेळाने तिला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसू लागले, लालसर. नऊ वाजेपर्यंत तिच्यासमोर कोण उभं आहे हे तिला आवाजावरून ओळखावं लागत होतं. दुखणं काहीच नाही. डोळा लाल नाही, पाणी नाही, डोकं दुखत नाही.

गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरीने पाहिलं आणि लगेच सांगितलं, “आत रक्त उतरलंय. मला पुढचं काही दिसत नाही. आजच यवतमाळला जा.” आम्ही एसटीने निघालो. बायकांना अर्धं तिकीट नुकतंच मार्चमध्ये सुरू झालं होतं. अम्मीला त्याचं फार अप्रूप होतं. बहिणीकडे जायचा बेत ती आखत होती. अर्ध्या तिकिटाचा तिचा पहिला प्रवास असा झाला. खिडकीत बसून ती बाहेर बघत नव्हती, माझ्या शर्टाची बाही धरून बसली होती.

दुपारी दोन वाजता यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी डोळ्यांची सोनोग्राफी केली. बाहेर ऊन असं की रस्त्यावर माणूस नाही. सिस्टरने पाणी पुढे केलं, तर अम्मी विचारते, “मगरिबला किती वेळ आहे?” शुगर ३४० निघाली, रक्तदाब १७० वर १००. मॅडमनी मला आत बोलावलं आणि विचारलं, “उजव्या डोळ्यात आज रक्त उतरलंय, ते कळलं. डावा डोळा कधीपासून गेलाय?”

मला प्रश्नच समजला नाही. मी म्हणालो, “मॅडम, डावा ठीक आहे. आजच झालं हे सगळं.” त्या अम्मीकडे वळल्या. “चाची, डाव्याने कधीपासून दिसत नाही?” अम्मी बराच वेळ गप्प होती. मग खाली मान घालून म्हणाली, “दोन वर्षं झाली असतील.”

दोन वर्षं! एका घरात, एका दस्तरख्वानवर जेवत होतो आम्ही.

तिची कारणं नंतर हळूहळू कळली. तिला वाटलं मोतीबिंदू आहे. पिकला की शिबिरात फुकट काढून देतील, थंडी येऊ दे. त्या थंडीत माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं, खर्चाचे दिवस होते. पुढच्या थंडीत मुलगी बाळंतपणाला आली. शिवाय एक भीती होती, जी तिने शेवटी सांगितली. दवाखान्यात गेलं की रोजे बंद करायला सांगतील, आणि मी मेडिकलवाला, मी तर नक्कीच बंद करीन. एका डोळ्यावर काम चालत होतं, म्हणून तिने चालवून घेतलं.

आता मागे वळून पाहतो तेव्हा एकेक गोष्ट आठवते. सुईत दोरा ओवायला ती नातीला हाक मारायची. आम्ही म्हणायचो, वय झालं. पायरी उतरताना भिंतीला हात लावायची. चहा ओतताना कपाच्या बाहेर सांडायचा. आणि सगळ्यात बोचणारी गोष्ट त्याच रमजानच्या आधी शाबानमधली. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची, मकतबमध्ये नाजरा शिकत होती. अम्मी रोज असरनंतर कुरआन शरीफ उघडून पढायला बसायची. मुलगी एक दिवस माझ्याकडे आली आणि म्हणाली, “अब्बू, दादी यासीन पढ रही, लेकिन पन्ना तो सूरे रहमान का खुला है।” मी हसलो. म्हणालो, “दादीला तोंडपाठ आहे, ती कुठलंही पान उघडेल.” आठ वर्षांच्या पोरीला जे दिसलं, ते मला दिसलं नाही.

डॉक्टर मॅडमनी पाटीवर चित्र काढून समजावलं. मला ते समजलं तसंच इथे सांगतो, कारण आपल्या घराघरांत शुगर आहे. २०२३ मध्येच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या अभ्यासातून देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज पुढे आला.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो, त्याला रेटिना म्हणतात. बाहेरचं चित्र त्याच्यावर उमटतं. या पडद्याला केसाहून बारीक रक्तवाहिन्या पाणी पाजतात. मॅडम म्हणाल्या, “शेतात ठिबकच्या नळ्या असतात ना, तसंच समजा.” वर्षानुवर्षं रक्तात साखर जास्त राहिली की या नळ्या कमजोर होतात. काही ठिकाणी पाझरतात, काही ठिकाणी तुंबतात. तुंबल्या की पडद्याचा तो भाग उपाशी राहतो. मग डोळा स्वतःच नव्या वाहिन्या उगवतो, पण त्या कच्च्या असतात. एखाद्या दिवशी त्यातली एक फुटते आणि डोळ्यातल्या पारदर्शक जेलीत रक्त पसरतं. तोच अम्मीचा ‘धूर’, त्याच तिच्या ‘माशा’. या कच्च्या वाहिन्यांबरोबर वेलीसारखं जाळं वाढतं. ते आकसलं की पडदा ओढून जागेवरून सोडवतं. डाव्या डोळ्याचं तेच झालं होतं, आणि त्याला उशीर झाला होता.

“म्हणजे हे आज नाही झालं?” मी विचारलं.

“फुटलं आज. तयार व्हायला दहा-बारा वर्षं लागली,” मॅडम म्हणाल्या. “मधल्या काळात दर वर्षी कोणी पडदा पाहिला असता तर दिसलं असतं. शेवटची तपासणी कधी केली?”

मी खिशातून पाकीट काढलं. चिठ्ठीवरची शाई पुसट झाली होती, तारीख मात्र वाचता येत होती, २०१२ ची. मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी ती चिठ्ठी परत माझ्या हातात दिली. सतरा वर्षं मी लोकांच्या चिठ्ठ्या वाचतोय. माझ्या हातातल्या चिठ्ठीवरची तारीख मी अकरा वर्षं वाचली नव्हती.

अचानक नजर जाणं आपल्या जिल्ह्याला नवं नाही. २०१७ च्या पावसाळ्यात कापसावर फवारणी करणाऱ्या शेकडो शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली. अनेक जण दगावले, काहींच्या नजरेवर परिणाम झाला. तेव्हा सरकार हललं, चौकशी झाली. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस आला, लोक त्याला काळी बुरशी म्हणायचे. महाराष्ट्रात त्याचे रुग्ण फार होते, काहींचा जीव वाचवायला डोळा काढावा लागला. त्यातल्या बऱ्याच जणांना मधुमेह होता आणि स्टेरॉइडने साखर आणखी चढली होती. अॅम्फोटेरिसिन इंजेक्शनसाठी माणसं चिठ्ठ्या घेऊन दारोदार फिरत होती. आमच्या काउंटरवर आली, तेव्हा ‘नाही’ म्हणणारा मीच होतो. शुगर आणि डोळा यांचं नातं त्या दिवसांत मला तोंडपाठ झालं होतं. तरी घरी जाऊन अम्मीला एक प्रश्न विचारावा, हे सुचलं नाही. विषबाधा आणि बुरशी बातमीत आली. घरात बसून वर्षानुवर्षं साखरेने नजर जाते, ती बातमीत येत नाही.

पुढचे दिवस अवघड गेले. तिमाही साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी ११.२ आली, लघवीतून प्रथिनं जात होती. म्हणजे ज्या बारीक नळ्या डोळ्यात बिघडल्या त्याच किडनीतही बिघडू लागल्या होत्या. गोळ्या बदलल्या, इन्सुलिन सुरू झालं, रक्तदाबाची गोळी लागली. रक्त आपोआप खाली बसतं का ते पाहायला काही आठवडे थांबायचं होतं. तोवर डोकं उंच ठेवून झोपायचं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. वाकायचं नाही म्हणजे सजदा नाही. खुर्चीवर बसून इशाऱ्याने नमाज पढायची. तिला रोजे सुटल्याचं दुःख होतंच, पण कपाळ जमिनीला टेकत नाही याचं जास्त होतं. पहिल्या दिवशी खुर्चीवर नमाज झाल्यावर ती रडली. मग बायको म्हणाली, “अम्मी, रडू नका, डोळ्याला चालणार नाही.” तेव्हा ती हसली.

रोज्यांवरून मात्र ती ऐकेना. मग मोहल्ल्यातल्या मशिदीचे इमाम साहेब घरी आले. त्यांनी शांतपणे समजावलं की आजारी माणसाला रोज्याची सूट माणसांनी दिलेली नाही, खुद्द अल्लाहने कुरआनात दिली आहे. ज्याचा आजार बरा होण्यासारखा नाही त्याने फिदिया द्यावा, रोज्याबदली एका गरिबाला जेवू घालावं. दिलेली सवलत नाकारण्यात परहेजगारी नाही. मग तिच्या मनाला उभारी यावी म्हणून त्यांनी हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांची आठवण काढली. ते दृष्टिहीन होते आणि पैगंबर (स.) यांचे मुअज्जिन होते. मदिनेत रमजानमध्ये पहाटे दोन अजान व्हायच्या. हजरत बिलाल (रजि.) यांची अजान झाली तरी सहेरी चालू ठेवता येत असे. इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांची अजान झाली की थांबायचं. त्यांना उजाडलेलं दिसत नसे. सकाळ झाली, असं लोक सांगत तेव्हा ते अजान देत.

अम्मीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मौलाना, त्यांना दिसत नव्हतं ते सगळ्या मदिनेला माहीत होतं. म्हणून तर लोक सांगायचे. मी कोणाला कळू दिलं?”

इमाम साहेब गप्प राहिले. मीही गप्पच होतो, कारण त्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग माझ्याकडे येत होता. तिने कळू दिलं नाही हे खरं. पण मी कधी विचारलं?

२२ एप्रिलला ईद झाली. अम्मी खाटेवर बसली होती. नातवंडं एकेक करून सलाम करायला आली. तिने प्रत्येकाच्या चेहऱ्यावरून हात फिरवून नाव घेतलं, एकही चुकलं नाही. पोरांना तो खेळ वाटला. माझी मुलगी मात्र तिच्याजवळून उठली नाही.

रक्त निवळलं नाही. जूनमध्ये नागपूरला रेटिनाच्या तज्ज्ञांकडे उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. आधी डोळ्यात इंजेक्शन दिलं, मग आतली रक्ताळलेली जेली काढून पडद्यावर लेसर केला. अम्मीच्या दोन पाटल्या त्यात गेल्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातलं काय बसतं हे आम्ही पैसे भरल्यावर विचारलं. तुम्ही तसं करू नका. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला विचारा.

अल्हम्दुलिल्लाह, उजव्या डोळ्याला बऱ्यापैकी नजर आली. माणसं दिसतात, ताटातलं दिसतं, मोठ्या अक्षरांचा कुरआन शरीफ चांगल्या उजेडात वाचता येतो. शिवणयंत्र बंद झालं ते झालंच. डावा डोळा परत आला नाही, येणारही नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, लेसरने गेलेली नजर येत नाही, राहिलेली राखली जाते.

या सगळ्यातून मला चार गोष्टी कळल्या, त्या वाचक बंधू-भगिनींसमोर ठेवतो.

पहिली, चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे पडदा तपासणं नव्हे. पडद्यासाठी डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि आत पाहतात. थेंबांनी काही तास अंधुक दिसतं, म्हणून सोबत माणूस न्या, गाडी चालवू नका. उतारवयात होणारी नेहमीची शुगर ज्या दिवशी निघेल त्याच वेळी एकदा आणि नंतर दर वर्षी ही तपासणी हवी, दिसत असलं तरी. शुगर असलेल्या बाईला दिवस गेले तर सुरुवातीलाच हवी.

दुसरी, अचानक काळे ठिपके, धागे, वीज चमकल्यासारखं, पडदा ओढल्यासारखं दिसलं, किंवा एका डोळ्याने काही मिनिटं दिसेनासं होऊन परत दिसू लागलं, तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उद्या, बाजाराच्या दिवशी, ईदनंतर, असं नाही.

तिसरी, रमजानच्या महिना-दीड महिना आधी शुगरवाल्या माणसाने डॉक्टरांना भेटावं. रोजा ठेवता येईल का, गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा कशा बदलायच्या, हे आधी ठरवावं. बोट टोचून शुगर पाहण्याने किंवा डोळ्यात औषधाचे थेंब घालण्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलमांचं मत आहे. शंका असेल तर आपल्या इमाम साहेबांना विचारा, पण या शंकेपायी तपासणी आणि औषध टाळू नका.

चौथी, मोतीबिंदू आहे असं घरच्या घरी ठरवू नका. मोतीबिंदूही दुखत नाही आणि हेही दुखत नाही. पण त्याला थांबून चालतं, याला चालत नाही.

आता दुकानात मी एक सवय लावून घेतली आहे. मालकांनीही परवानगी दिली. शुगरच्या गोळ्यांची जुनी चिठ्ठी आली की आधी तारीख पाहतो आणि विचारतो, “पडदा कधी तपासला?” काही लोक चिडतात. एक गिऱ्हाईक म्हणाले, “तू गोळ्या दे, डॉक्टरकी करू नको.” बरोबर आहे, मी डॉक्टर नाही. म्हणूनच डॉक्टरकडे जा म्हणतो. मागच्या हिवाळ्यात आमच्याच मोहल्ल्यातले एक चाचा आले. मी त्यांना म्हणालो, “चाचा, एक हात डोळ्यावर ठेवा आणि समोरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचा. आता दुसरा डोळा झाका.” दुसऱ्या वेळी चाचा थांबले. परत हात काढला, परत झाकला. मग हळूच म्हणाले, “अरे, ये तो धुंदला है।” दोन्ही डोळे उघडे असताना एक डोळा दुसऱ्याची उणीव झाकतो, घरातल्या माणसासारखा. चाचांना त्याच आठवड्यात मुलाने यवतमाळला नेलं. लेसर झाला. वेळेत झाला.

ही तपासणी डॉक्टरच्या तपासणीची जागा घेत नाही. पण विचारायला निमित्त होतं. आज इशानंतर घरातल्या मोठ्या माणसांना कॅलेंडरसमोर उभं करा. एक डोळा झाका, मग दुसरा. आणि दोन्हींनी नीट दिसलं तरी विचारा, शेवटचा डॉक्टर कधी पाहिला होता?

अम्मी आताही असरनंतर पढायला बसते. माझी मुलगी शेजारी बसून ओळीखाली बोट धरते. पान कुठलं उघडलं आहे ते आधी सांगते, मग अम्मी सुरू करते. जुनी चिठ्ठी मी फाडली नाही. काउंटरच्या खणात ठेवली आहे. अल्लाह आपल्या सगळ्यांच्या आई-बापांच्या डोळ्यांचं रक्षण करो, आणि त्यांना वेळेवर विचारण्याची आपल्याला तौफीक देवो. आमीन.